हवा बघितलीसा का?

रविवार, २ नोव्हेंबर २०२५
नोव्हाय, मिशिगन

सुखरूप पोचलो. दोन विमानं, बावीस तास, आणि शोभनाने मांडीवरची पिशवी एकदाही वर ठेवू दिली नाही, कारण तिच्यात खंडोबाचा टाक आहे. हवाई सुंदरीने तीनदा सांगितलं, हिने तीनदा मान हलवली. शेवटी त्या मुलीनेच हात जोडले. आमच्या घरात हे रोजचंच आहे.

विमानतळावर नकुल, सूनबाई हिमानी आणि नात उर्वी तिघंही आले होते. उर्वी सहा वर्षांची. तिने पहिली चौकशी माझ्या मिशीची केली, खरी आहे का म्हणून, आणि ओढून खात्री करून घेतली. घरी आल्यावर कळलं की आजच पहाटे इथे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली. मी चौतीस वर्षं तीन पाळ्यांत काढली, मला कुणी कधी फुकटचा तास दिला नव्हता. त्यामुळे मी एकदम खुशीत आहे.

घर नकुलने याच उन्हाळ्यात घेतलं. पन्नास वर्षांचं जुनं, लाकडी, पण ऐसपैस. खाली घराएवढंच तळघर. तिथल्या एका छोट्या बंद खोलीत फर्नेस आहे, म्हणजे गॅसवर चालणारी भट्टी. ती हवा तापवते आणि पत्र्याच्या नळ्यांतून घरभर सोडते. जमिनीत जाळ्या आहेत. जाळीवर उभं राहिलं की पायजमा फुगतो आणि उर्वी लोळून हसते. मी तीनदा उभा राहिलो.

ही वही खिशात मावते म्हणून आणली. इचलकरंजीच्या कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये बॉयलरवर होतो तेव्हा दर तासाला लॉगबुक लिहायचो: वाफेचा दाब, पाण्याची पातळी, ज्योतीचा रंग, खाली सही. रिटायर झालो, बॉयलर सुटला, सवय काही सुटली नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं. इथे येऊन चार दिवस झाले, म्हणजे उशीरच झाला म्हणायचा.

जेवताना खाली भट्टीचा पंखा चालू झाला आणि माझा हात ताटातच थांबला. पंख्याला धाप लागली होती. चौतीस वर्षं यंत्रांचा श्वास ऐकलाय, मला कळतं. नकुलला विचारलं की शेवटची साफसफाई कधी झाली. फोनमधून डोकं न काढता तो म्हणाला की आधीच्या ओनरने केली असेल बाबा, दोन डिसेंबरला टेक्निशियन येतोय, त्याआधी स्लॉटच नाही. 'केली असेल'! गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे हा माणूस. स्वतःच्या गाडीचं तेल वेळेवर बदलतो, आणि ज्या आगीवर बायकापोरं झोपतात ती कुणीतरी 'साफ केली असेल'.

खाली जाऊन फिल्टर ओढून काढला. म्हणजे हवा गाळायची चौकट. तिच्यावर धुळीची गोधडी झाली होती, मधे मांजराचे केस. या घरात मांजर नाही. आधीच्या ओनरचं मांजर होतं म्हणे. ती गोधडी वर नेऊन डायनिंग टेबलावर नकुलच्या ताटाशेजारी ठेवली. हिमानीने किंचाळून ताट उचललं. शोभना मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज मी भट्टी धुऊन पुसून लख्ख केली. नकुल म्हणाला की बाबा, डोन्ट टच, इथे लायसन्स लागतं. मी म्हटलं, माझ्याकडे फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे, तुझा टेक्निशियन जन्माला आला नव्हता तेव्हाचं.

आधी वरचा थर्मोस्टॅट बंद. मग जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचं बटण आहे, ते बंद, म्हणजे विजेचा संबंध तुटला. मग गॅसच्या नळीवरची मूठ नळीला आडवी केली, म्हणजे गॅस बंद. तासभर थंड होऊ दिली. घाई करणाऱ्याचे हात भाजतात आणि ते योग्यच आहे. पत्रा काढला, आत काय कुठे जोडलंय त्याचे फोटो उर्वीकडून काढून घेतले. बर्नरवर गंज आणि कोळ्याची जाळी होती, ती मऊ ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढली. ज्योत पेटली की नाही हे बघणारी एक बारीक काडी असते, ती हलक्या हाताने घासली. पंख्याच्या पात्यांतून मूठ मूठ धूळ निघाली. धूर जातो त्या नळ्या बॅटरी आणि आरसा लावून पाहिल्या, कुठे चीर नाही. नवा फिल्टर बाणाची दिशा पंख्याकडे ठेवून बसवला. गॅस चालू करून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. ही साबणाच्या पाण्याची युक्ती माझ्या हाताखालच्या कृष्णाची. असो, तो विषय नको.

पेटवली. एका सरळ रेषेत निळ्या ज्योती उभ्या राहिल्या. उर्वी म्हणाली, प्रिटी. मी सही केली. वहीत केली, पण केली.

फक्त एक वेडेपणा दिसला. त्या खोलीत छताजवळून एक वीतभर रुंद चंदेरी नळी येते, आणि तिचं तोंड खाली एका प्लास्टिकच्या बादलीत सोडून दिलंय. नळी थेट बाहेरून येते. त्यातून बर्फगार वारा चोवीस तास घरात. एकीकडे गॅस जाळून घर तापवायचं आणि दुसरीकडे भिंतीला भोक ठेवायचं! कुणीतरी अर्धवट काम टाकून गेलंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

पंख्याची धाप गेली. घर एकसारखं उबदार झालंय. नकुलनेही कबूल केलं, तोंड वाकडं करून. तरी म्हणाला की टेक्निशियन मीटर लावून धुरातला गॅस मोजतो, ते राहिलंच ना. मी म्हटलं, ज्योत निळी असली की मीटर कशाला? ज्याला डोळे नाहीत त्याने मीटर लावावं. माझ्यासमोर फोन लावायला लावला. त्याने दोन डिसेंबरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

आज पहिला बर्फ पडला. उर्वीने बाहेर नेऊन मला तोंडावर पाडलं. आठवड्यात पहिल्यांदाच शोभना पोट धरून हसली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

येत्या शुक्रवारपासून खंडोबाचं नवरात्र. सहा दिवस, चंपाषष्ठीपर्यंत. आमच्याकडे सहाही दिवस नंदादीप अखंड लागतो. शोभनाने सगळा संसार त्याच्यावर तोलून धरलाय. एकोणतीस वर्षांपूर्वी एकदाच तो विझला, आणि चार दिवसांनी माझ्या पाळीत कृष्णा गेला. मी सांगून थकलो की त्याचा याच्याशी संबंध नाही. तिला पटत नाही. तेव्हापासून ते सहा दिवस ही दिव्याजवळून हलत नाही.

दिवा ठेवायचा कुठे यावरून घरात चर्चासत्र झालं. स्वयंपाकघरात जमणार नाही. तिथल्या छतावरच्या धुराच्या अलार्मला हिमानीने आधीच अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून ठेवली आहे, कारण फोडणी दिली की तो बोंबलतो. हिमानी मूळची नागपूरची, घरून काम करते, दिवसभर मीटिंगमध्ये. तिचं म्हणणं की आई, लाकडी घर आहे, उर्वी पळत असते, आय ॲम स्केअर्ड. खाली फर्नेसच्या खोलीत काँक्रीट आहे, तिथे ठेवू. देव भट्टीशेजारी! मी चिडणार होतो, पण मग विचार केला की ऊब आहे, खोली बंद करता येते, आणि भट्टी मीच साफ केली आहे. शोभनालाही पटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

घट बसला. दिवा लागला. खोलीबाहेरच्या भिंतीवर एक पांढरी चकती आहे, धूप घातला की तिने कान फाडले. बीप बीप बीप, तीन तीन वेळा. नकुलने मधलं बटण दाबून गप्प केली.

दुपारी चार वाजता दिवा विझला.

त्या बादलीतल्या नळीच्या वाऱ्याने. शोभनाने मला जबाबदार धरलं, कारण मी तिथे होतो. नंतर रडली. एवढं रडताना तिला मी कृष्णाच्या वेळीच पाहिलं होतं. तिचा राग मला चालतो, बत्तीस वर्षं चाललाय. रडणं चालत नाही. मी त्या नळीच्या तोंडात जुना टॉवेल कोंबला, वर प्लास्टिकची पिशवी, वर टेप. वारा बंद. दाराखालच्या फटीत पोतं लावलं. दिवा पुन्हा लावला, ज्योत आता चित्रातल्यासारखी उभी आहे. शोभना माझ्याशी बोलत नाही, पण जेवायला वाढताना तूप जास्त घातलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळपासून डोकं ठणकतंय. सगळ्यांचंच. हिमानी म्हणते फ्लू चालू आहे शाळेत.

खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटलंय, पार ओघळ. नकुलला दाखवलं तर माझ्यावरच खेकसला, की बाबा, प्रत्येक गोष्टीत काही ना काही प्रॉब्लेम काढायलाच हवा का. मी आयुष्यात त्याच्यावर हात उगारला नव्हता. आज उगारला. मारलं नाही. पण वर गेलेला हात मला स्वतःलाच दिसला, आणि मला शरम वाटायच्या ऐवजी अजूनच राग आला.

रविवार, २३ नोव्हेंबर

या घरात कुणी धड बोलत नाही. हिमानीने कप फेकला. सिंकमध्ये, पण फेकलाच. कारण काय तर मी चमच्याचा आवाज करून चहा ढवळला. शोभना खाली दार लावून बसलेली असते, जेवायला बोलावलं की वसकन अंगावर येते. उर्वीला मी पाय आपटू नको म्हटलं तर ती म्हणाली, आय हेट यू आबा. तीन आठवड्यांपूर्वी माझी मिशी ओढणारी पोर.

दुपारी ती पांढरी चकती पुन्हा ओरडली. धूप नाही, उदबत्ती नाही, काही नाही! आणि या वेळी चार चार वेळा. बीप बीप बीप बीप, थांब, पुन्हा चार. बिघडलेलं यंत्र. स्वस्तातला माल. मी भिंतीवरून उपटून काढली, तिच्या बॅटऱ्या काढून उर्वीच्या खेळण्यातल्या पियानोत घातल्या. तो कधीचा बंद पडला होता. निदान कुठेतरी उपयोग झाला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

एक लक्षात आलंय. नकुल ऑफिसमधून येतो तेव्हा माणूस असतो. दारात हसतो, उर्वीला उचलतो. जेवायला बसेपर्यंत राक्षस. उर्वी शाळेत गेली, शाळेत छान होती म्हणे, घरी येऊन ओकली. हे घर माणसाला आत घेतलं की बदलून टाकतं. आधीचा ओनर घर विकून का गेला? मी नकुलला विचारलं. तो म्हणाला की फ्रिस्कोला जॉब मिळाला म्हणून गेला, आणि तुम्ही आता प्लीज भुताच्या गोष्टी सुरू करू नका.

भट्टीच्या झरोक्यातून बघितलं. ज्योत पिवळी. लोळतेय, आळसावलेली. निळी होती. मीच साफ केली. माझे डोळे गेलेत. सगळं धूसर दिसतं. पिवळी ज्योत म्हणजे — म्हणजे काय ते मला माहीत आहे, तोंडावर आहे, येत नाही. चौतीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं आणि मला — संताप नुसता.

शोभना मात्र छान दिसतेय. गाल गुलाबी. अमेरिकेची हवा मानवली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

उर्वी शाळेत गेली नाही. सोफ्यावर पडून आहे. हिमानी म्हणते झोपू दे.

भट्टीच्या मागे कुणीतरी बसलंय.

मी दिव्यात तेल घालायला गेलो तेव्हा दिसला. गुडघे पोटाशी. खांद्यावर ओलं पोतं. कृष्णा. मी त्याला म्हटलं, तू इथे कसा आलास, व्हिसा कुणी दिला? त्याने तेच विचारलं. रोज पाळी बदलताना विचारायचा तेच. हवा बघितलीसा का, मिस्त्री?

मला शिकवतोस! तेव्हाही असंच. धुराच्या चेंबरमधली राख काढायची होती. तो दारात उभा राहून विचारत होता, आत हवा आहे का बघितलीसा का. आणि मी — उशीर झाला होता, मालक वर उभा, मी ओरडलो, जा आत, मला शिकवू नको. गेला. बाहेर काढला तेव्हा झोपल्यासारखा. गाल गुलाबी, लग्नातल्या नवऱ्यासारखे. चौकशीत मी सांगितलं, तो आपणहून गेला. सही केली.

हे मी कुठल्याही वहीत लिहिलं नव्हतं.

आता तो इथे येऊन विचारतो. शोभनाला म्हटलं, कृष्णा बसलाय मागे. ती म्हणाली, सकाळपासून बसलाय, बोलू नका त्याच्याशी, दिवा हलतो. मी तिच्यावर ओरडलो. तीही. शब्द आठवत नाहीत. बत्तीस वर्षांत असे —

डोकं फुटतंय.

बुधवार, २६ नोव्हेंबर. चंपाषष्ठी

१०.४०. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात. नैवेद्याला भरताची वांगी आणि बाजरीचं पीठ हवं, म्हणून नकुलने गाडीत घालून आणलं. निघताना दोघंही एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हतो. उद्या इथे सगळ्यांना सुट्टी, म्हणून दुकानात ही गर्दी. कोपऱ्यात चहाचं यंत्र आहे. दोन कप घेऊन बाकावर बसलो, तासभर झाला असेल. नकुल वांगी दाबून बघत होता, गाडीचे टायर बघतात तशी. मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, सॉरी बाबा, काय झालंय मला कळत नाही. मीही सॉरी म्हटलं. मराठीत कसं म्हणतात ते कधी शिकलोच नाही.

डोकं उतरलंय. चार दिवसांत पहिल्यांदा. राग कुठे गेला? शोधून सापडत नाही. कालचं पान वाचलं. हे मी लिहिलं? कृष्णा भट्टीमागे?

नकुल मला घरी सोडून दोन तासांसाठी ऑफिसला जातोय.

११.५८. घरासमोर, गवतावर

लिहितोय कारण लिहिल्याशिवाय माझं डोकं सरळ चालत नाही. श्वास जमवतोय.

दार उघडलं. काचांवरून पाणी ओघळतंय. हिमानी टेबलावर डोकं ठेवून, लॅपटॉपमधून लोक तिला हाका मारतायत. गाल गुलाबी. सोफ्यावर उर्वी. गाल गुलाबी. कृष्णाचे गाल.

तेव्हा कळलं. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. ती बादलीतली नळी विसरलेली नव्हती. ती भट्टीचं नाक होती. मी तिच्यात टॉवेल कोंबला. दाराची फटसुद्धा बुजवली. पाच दिवस भट्टी अर्धवट जळतेय आणि तो गॅस, ज्याला वास नाही, रंग नाही, पंखा घरभर वाटतोय. पंखाही मीच साफ केला, चांगला वाटावा म्हणून. चकती टेबलावर पडली होती. पाठीवर लिहिलंय. तीन बीप धूर. चार बीप कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे हाच गॅस. इंग्रजीत आहे, मला येतं इंग्रजी. वाचलंच नाही.

आमचे राग आमचे नव्हते. कप, हात, आय हेट यू. सगळं त्या टॉवेलचं.

लाल बटण बंद केलं. उर्वीला उचलून बाहेर आणलं. परत जाऊन हिमानीला ओढत आणलं. गार हवेत ती ओकली, डोळे उघडले, फोन लावला. 911. गाडी निघाली म्हणतात, आठ मिनिटं. उर्वी रडतेय. रडतेय! रड, पोरी, मोठ्याने रड.

फोनवरची बाई सांगतेय की आत पुन्हा जाऊ नका. हिमानी माझा शर्ट धरून तेच ओरडतेय.

शोभना खाली आहे.

एकदा मी दुसऱ्याला आत पाठवलं होतं. आज मी जातो.

१२.०६

खाली. जिन्यात दोनदा बसलो. गॅसची मूठ आडवी केली. दार ढकललं, पोतं —

ती दिव्यासमोर. भिंतीला टेकून. हातात तेलाची वाटी, सांडली नाही. गाल —

हाक मारली. हलवलं. उचलत नाही. माझे पाय माझे नाहीत.

कृष्णा पायरीवर उभा आहे. विचारतोय. हो रे बाबा. नव्हती बघितली. तेव्हाही नाही. लिहून दिलं, सही —

टेप निघत नव्हती. दाताने. टॉवेल काढला. आली. हवा आली. गार, भरभरून —

दिवा विझला.

शोभना. दिवा विझला. सहाव्या दिवशी. मी विझवला, मी, ऐकलंस? आता माझी खैर नाही. आता तू घर डोक्यावर घेशील. घे. वरून गाडीचा भोंगा ऐकू येतोय, त्यांच्यासमोर बोल मला. जे तोंडात येईल ते. चीड ना. अगं, चीड. एकदाच, नेहमीसारखी —